शत्रू न पाहताच गेलेले वैमानिक

जुनाट_होकायंत्र

गेली दोन-तीन वर्षं दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांवर मिळेल ते वाचतोय. त्यात एका आकड्यापाशी अडकलो, म्हणून हा धागा.

डिसेंबर १९४१ ते ऑगस्ट १९४५ या काळात अमेरिकेच्या लष्करी हवाई दलाचे खुद्द अमेरिकेच्या मुख्य भूमीवर ५२,६५१ विमान अपघात झाले. त्यातले ६,३५१ जीवघेणे, आणि मेलेली माणसं १४,९०३. भागाकार करून बघा, रोजची साधारण अकरा माणसं होतात. जिथे शत्रूची विमानं जवळपास फिरकलीच नाहीत, तिथे! सगळेच अपघात प्रशिक्षणातले नव्हते हे मान्य, पण मोठा वाटा शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचाच.

ब्रिटनची गोष्ट वेगळी नाही. त्यांच्या बॉम्बर कमांडचे (बॉम्बफेकी विमानांच्या दलाचे) ५५,५७३ लोक गेले हा आकडा सगळीकडे छापलेला असतो. त्यातले आठ हजारांच्या आसपास प्रशिक्षणात आणि तत्सम अपघातांत गेले, ही ओळ मात्र बहुतेक ठिकाणी तळटीपेत असते.

हे वाचताना मला जॉन गिलेस्पी मगी आठवला. आकाशात झेपावण्यावरचं त्याचं सुनीत इंग्रजीत फार प्रसिद्ध आहे. तो १९ वर्षांचा होता आणि कॅनडाच्या हवाई दलातून स्पिटफायर हे लढाऊ विमान उडवायचा. ११ डिसेंबर १९४१ ला लिंकनशायरवर ढगांतून खाली उतरताना त्याची टक्कर झाली. जमिनीवरच्या एका शेतकऱ्याने पाहिलं, की वैमानिक कॉकपिटचं झाकण मागे ढकलायला झटतोय, मग उभा राहिला, उडी मारली. पण पॅराशूट उघडायला उंचीच उरली नव्हती.

एवढं सगळे सांगतात. टक्कर कशाशी झाली? क्रॅनवेलहून निघालेल्या एअरस्पीड ऑक्सफर्ड या प्रशिक्षण विमानाशी. त्यात एक शिकाऊ वैमानिक होता. तोही गेला, तोही १९ वर्षांचाच. त्याने कविता लिहिली नव्हती, त्यामुळे मगीच्या गोष्टीत तो फक्त 'दुसरं विमान' म्हणून येतो.

तर प्रश्न असा: एवढे लोक शिकता शिकताच का मेले? जाणकारांनी लिहावं.

फटकळ_काकू

धागा आवडला, वाचतेय. पण एक शंका. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं, हातात पाचशे घोड्यांचं इंजिन, खाली मैत्रिणीचं घर. मस्ती केली आणि मेली, असं किती जणांचं असेल?

पंखाखालून

@फटकळ_काकू, बऱ्याच जणांचं. परवानगीशिवाय खूप खालून उडणं हे प्रत्येक हवाई दलाचं दुखणं होतं. त्यापायी कोर्ट मार्शल व्हायचं आणि तरी पोरं करायचीच. मोठी माणसंही यातून सुटली नाहीत. पुढे भारतीय हवाई दलाचे मार्शल झालेले अर्जन सिंग यांनाही फेब्रुवारी १९४५ मध्ये केरळात एका घरावरून खालून विमान नेल्याबद्दल कोर्ट मार्शलला तोंड द्यावं लागलं होतं. बचावात त्यांनी सांगितलं की शिकाऊ वैमानिकाची हिंमत वाढवायला तसं केलं.

पण सगळं मस्तीच्या माथी मारू नका. मी थोडंफार उडवायला शिकलो आहे (छंद म्हणून, लायसन्सपर्यंत पोचलो नाही). त्यातून कळलेलं सांगतो. शिकाऊ माणसाला मारणारं सगळ्यात जुनं वळण अगदी साधं आहे, धावपट्टीवर उतरण्याआधीचं शेवटचं वळण.

चित्र डोळ्यासमोर आणा. उंची तीन-चारशे फूट. इंजिन मंद केलेलं, वेग कमी. धावपट्टी डावीकडे आहे आणि वळायला किंचित उशीर झालाय, म्हणजे विमान धावपट्टीच्या रेषेच्या पलीकडे सरकतंय. जमीन जवळ असल्यामुळे पंख जास्त कलवायची भीती वाटते. मग शिकाऊ काय करतो? पायाने डावा रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबून नाक ओढून आणतो. त्याने पंख आणखी कलतो, म्हणून हाताने स्टिक (नियंत्रणाची दांडी) उजवीकडे धरतो. नाक खाली जायला लागतं, म्हणून स्टिक पोटाकडे ओढतो. तिन्ही हालचाली त्याला त्या क्षणी बरोबरच वाटतात. आणि तिन्ही मिळून आतल्या पंखाची उचल आधी संपते. विमान गपकन उलटतं आणि गिरकी घेत खाली जातं.

हीच गिरकी चार हजार फुटांवर असेल तर काही नाही. इंजिन मंद, उलट्या बाजूचा रडर, स्टिक पुढे, की विमान सावरतं. मी प्रशिक्षकाबरोबर केलंय. पहिल्या वेळी पोटात गोळा येतो, तिसऱ्या वेळी मजा वाटते. तीनशे फुटांवर मात्र 'स्टिक पुढे' करायला जागाच नसते. शिवाय समोर जमीन वर येताना दिसत असताना नाक आणखी खाली करायचं, हे शरीराला पटतच नाही. हात आपोआप मागे ओढतात. ही ओढ मोडायला सरावच लागतो, दुसरा उपाय नाही.

जुनाट_होकायंत्र

@पंखाखालून, हे असं कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. मग पहिल्या महायुद्धात तर याहून वाईट असणार?

वाऱ्याची_वही

त्यावर मी लिहितो, माझा आवडता विषय.

पहिल्या महायुद्धाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये (तेव्हाच्या हवाई दलात) शिकवण्याची पद्धत अशी नव्हतीच. आघाडीवरून थकून, नसा ताणून परतलेल्या वैमानिकांना 'विश्रांती' म्हणून प्रशिक्षक करायचे. त्यांना शिकवायचं कसं हे कोणी शिकवलेलं नसायचं. समोरचा पोरगा आपल्याला मारणार ही धास्ती मात्र असायची. ते शिकाऊंना 'हूण' म्हणायचे, म्हणजे शत्रूलाच लावायचं नाव. कारण आपली विमानं शत्रूइतकीच हे लोक मोडतात! विनोद कडवट आहे, पण त्यात त्या वेळची सगळी परिस्थिती आली. असा प्रशिक्षक दांडी सोडायचाच नाही. पोरगा मागे बसून नुसतं बघायचा आणि मग थोड्याच तासांत एकट्याने उडायला पाठवला जायचा.

रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या माणसाने हे उलटं केलं. १९१७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉस्पोर्टला त्याने प्रशिक्षकांची शाळा काढली. ॲव्ह्रो ५०४ हे दुहेरी नियंत्रणाचं विमान घेतलं. शिकाऊ मुख्य आसनावर, प्रशिक्षक दुसऱ्यावर. इंजिनाच्या आवाजात ओरडून घसा बसायचा, म्हणून दोघांमध्ये बोलायला रबरी नळी बसवली. ती पुढे 'गॉस्पोर्ट ट्यूब' याच नावाने ओळखली गेली. आणि मुख्य म्हणजे, ज्या गिरकीपासून पोरांना लांब ठेवायचे ती मुद्दाम करून दाखवायची, मग त्यांच्याकडून करून घ्यायची. धोका टाळायला शिकवण्यापेक्षा धोक्यातून बाहेर यायला शिकवा, असं त्याचं म्हणणं. ही पद्धत जगभर गेली. @पंखाखालून, तुम्ही चार हजार फुटांवर जी मजा घेतली ती या गृहस्थाची देणगी.

जाता जाता सॉपविथ कॅमलबद्दल. लढाईत नावाजलेलं विमान, पण शिकाऊंचा काळ. त्याचं अख्खं इंजिन प्रॉपेलरबरोबर गरगरा फिरायचं, त्यामुळे उजवीकडे वळताना ते एकदम झटका देऊन वळायचं. त्यात उड्डाणानंतर लगेच पेट्रोल-हवेचं मिश्रण हाताने कमी करावं लागे. विसरलं तर इंजिन गुदमरून बंद. नेमकं तेव्हा, जेव्हा विमान जेमतेम जमिनीवरून उठलेलं असतं. एकाच आसनाचं विमान, म्हणजे पहिलंच उड्डाण एकट्याने. शेवटी त्याचीही दोन आसनांची आवृत्ती काढावी लागली.

निमूट_वाचक

+१ दोन्ही प्रतिसादांना.

एक भर. टेक्सासमध्ये १५ फेब्रुवारी १९१८ ला व्हर्नन कॅसल गेला. हा त्या काळचा अमेरिकेतला अतिशय गाजलेला नर्तक, बायकोबरोबर नाचायचा. ब्रिटिश हवाई दलात भरती होऊन आघाडीवर उडून आला आणि मग प्रशिक्षक झाला. जमिनीजवळ असतानाच दुसरं विमान आडवं आलं, टक्कर टाळायला त्याने नाक वर ओढलं, विमानाची उचल गेली आणि ते कोसळलं. म्हणजे वर सांगितलेलं तेच, स्टॉल आणि उंची नाही. बरोबरचा शिकाऊ वाचला.

हिशेबी_मांजर

आकड्यांबद्दल थोडं, कारण धाग्याच्या सुरुवातीला आकडे आले आणि मग सगळे गोष्टी सांगायला लागले :)

कॅनडातली ब्रिटिश कॉमनवेल्थची हवाई प्रशिक्षण योजना घ्या. करार १७ डिसेंबर १९३९ चा. त्यात १,३१,५५३ लोक शिकून बाहेर पडले आणि ८५६ शिकाऊ अपघातांत गेले. म्हणजे दीडशेपेक्षा थोड्या जास्त लोकांमागे एक. कमी नाही, पण बॉम्बर कमांडच्या तुलनेत सौम्य वाटतं. असं का?

कारण कॅनडात पायऱ्या पहिल्या होत्या. टायगर मॉथ, हार्वर्ड, ॲन्सन ही त्यातल्या त्यात क्षमाशील विमानं, मोकळं सपाट आकाश, शत्रूपासून लांब. खरा कहर पुढच्या पायरीवर व्हायचा. इंग्लंडमधल्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटमध्ये (लढाईआधीच्या शेवटच्या सरावाला) ही पोरं आली की त्यांना मिळायची लढाईतून निवृत्त केलेली व्हिटली आणि वेलिंग्टन विमानं. इंजिनं झिजलेली, दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झालेली. चांगली विमानं आघाडीला हवीत, हा तर्क चुकीचा नव्हता. पण त्याचा अर्थ असा की सर्वांत नवखी माणसं सर्वांत थकलेल्या विमानांत, रात्री, इंग्लंडच्या हवेत आणि दिवे मालवलेल्या देशावर उडत होती.

डोंगरवाट

हिशेबी_मांजर यांनी हवेचा उल्लेख केला म्हणून. नॅव्हिगेटर शिकायचा म्हणजे समुद्रावरून ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने, घड्याळ बघत आपण कुठे आहोत हे काढायचं. वारा अंदाजापेक्षा थोडा वेगळा असला की तासाभरात कितीतरी मैल चूक. खाली ढग. मग 'आपण समुद्रावर आहोत, जरा खाली येऊन बघू' असं म्हणून ढगात शिरायचं. उत्तर वेल्समध्ये त्या ढगात स्नोडोनियाचे डोंगर असायचे.

तिथल्या लँड्रोग तळावर जॉर्ज ग्रॅहॅम हे वैद्यकीय अधिकारी होते. त्यांना दिसलं, की कड्यावर आपटलेल्या विमानात कधीकधी माणसं जिवंत असतात आणि कोणी पोचेपर्यंत थंडीने मरतात. सपाट तळावरच्या अँब्युलन्सवाल्यांना बूट धड नाहीत, दोर नाही, नकाशा वाचता येत नाही. ग्रॅहॅम स्वतः गिर्यारोहक. त्यांनी माणसं गोळा करून शिकवायला सुरुवात केली. १९४३ मध्ये त्यातून ब्रिटिश हवाई दलाचं अधिकृत पर्वत बचाव पथक उभं राहिलं, आणि ते आजही आहे. आपण डोंगरात फिरणारे लोक बचाव पथकं गृहीत धरतो, त्यातल्या एकाचा उगम हा असा.

फटकळ_काकू

अवांतर: बर्म्युडा ट्रँगलमध्ये पाच विमानं गायब झाली ती पण शिकाऊच होती ना? की ती एलियनने नेली? :D

वाऱ्याची_वही

@फटकळ_काकू, एलियनला बिचाऱ्याला काही काम नव्हतं. ५ डिसेंबर १९४५, फ्लाइट १९. युद्ध संपून तीन महिने झालेले, पण सरावाचा कार्यक्रम तोच. फोर्ट लॉडरडेलहून पाच ॲव्हेंजर विमानं, १४ माणसं. प्रमुखाला वाटलं होकायंत्रं बिघडलीत आणि आपण फ्लोरिडाच्या टोकाकडच्या बेटांवर आहोत. बहुधा ते बहामाजवळ होते. दिशा बदलत राहिले, अंधार पडला, समुद्र खवळलेला, पेट्रोल संपलं. शोधायला गेलेल्या मरिनर विमानातही १३ जण होते, तेही गेलं, एका जहाजाने समुद्रावर ज्वाळा पाहिल्या. मरिनरमध्ये पेट्रोलच्या वाफा साठायच्या, हे माहीत असलेलं दुखणं होतं. वर डोंगरवाट यांनी सांगितलं तेच, फक्त डोंगराच्या जागी समुद्र.

पंखाखालून

होकायंत्रावरून लिंक ट्रेनरचं सांगायला हवं. ढगात गेलं की माणसाचा तोल सांभाळणारा कान खोटं बोलतो. वळत असताना सरळ चाललोय वाटतं. उपकरणांवर विश्वास ठेवायचा सराव जमिनीवर करता येईल, हे एडविन लिंकने ओळखलं होतं. त्याच्या वडिलांचा ऑर्गन बनवायचा कारखाना. तिथल्याच भात्यांवर आणि हवेच्या पंपांवर त्याने डोलणारी खोटी कॉकपिट बनवली. लष्कराने सुरुवातीला ढुंकून पाहिलं नाही, ती करमणुकीच्या बागांत गेली!

मग १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांना टपाल वाहून न्यायचं काम मिळालं. हिवाळा, रात्र, ढग. काही आठवड्यांत डझनभर माणसं गेली. त्यानंतर लष्कराने सहा लिंक विकत घेतल्या, आणि युद्धात त्या हजारोंनी बनल्या. ऑर्गनचे भाते आधीही तेच होते.

निळी_शाई

बराच वेळ वाचत होते, आता राहवत नाही. इथे सगळी 'पोरं' चालली आहेत. बायकाही होत्या.

अमेरिकेत वास्प म्हणून महिला वैमानिकांचं दल होतं. २५ हजारांवर अर्ज, घेतल्या १,८३०, पूर्ण शिकून बाहेर पडल्या १,०७४. ३८ मेल्या, त्यातल्या ११ शिकत असताना. आता ऐका. त्यांना सैनिक मानलेलं नव्हतं, त्या कागदोपत्री सरकारी नोकर. त्यामुळे मृतदेह घरी पाठवायचा खर्च लष्कर देत नसे. बरोबरच्या मुली आपसांत वर्गणी काढायच्या. शवपेटीवर राष्ट्रध्वज घालायचाही हक्क नव्हता. सैनिकाचा दर्जा मिळाला १९७७ मध्ये.

कॉर्नेलिया फोर्टची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ७ डिसेंबर १९४१ च्या सकाळी ती होनोलुलूवर एका विद्यार्थ्याला उतरायला शिकवत होती. एक विमान थेट अंगावर येताना दिसलं. तिने विद्यार्थ्याच्या हातून नियंत्रण ओढून घेतलं, वर चढली, ते विमान खालून गेलं आणि त्याच्या पंखांवर लाल गोळे दिसले. पर्ल हार्बरवरचा हल्ला तिने हवेतून, शिकवणीच्या विमानातून पाहिला. गोळ्या चुकवत उतरली, दोघंही वाचले.

आणि २१ मार्च १९४३ ला टेक्सासवर, बीटी-१३ हे प्रशिक्षण विमान एका तळावरून दुसऱ्यावर पोचवत असताना, बरोबरच्या विमानाचं चाक तिच्या पंखाला लागलं. ती २४ वर्षांची होती.

कॅम्प डेव्हिस या तळावर एकीचं तर रात्रीच्या सरावात विमान पडलं, मागचा प्रशिक्षक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला. ती पुढे अडकली, कारण कॉकपिटच्या झाकणाची कडी आतून उघडत नव्हती. कडी बिघडलेली आहे हे आधीच माहीत होतं. एक कडी हो! फटकळ_काकू, याला मस्ती म्हणायचं का?

फटकळ_काकू

नाही. माझे शब्द मागे घेते.

हिशेबी_मांजर

निळी_शाई, प्रतिसाद फार चांगला. यंत्राचा दोष शिकाऊच्या नावावर खपवण्याचं मोठं उदाहरण म्हणजे बी-२६ मरॉडर हे बॉम्बर. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर 'रोज एक, टँपाच्या खाडीत' अशा अर्थाची म्हणच होती. अतिशयोक्ती आहे, रोज पडत नव्हतं, पण म्हण उगाच होत नाही. छोटे पंख, जड शरीर, उतरायचा वेग त्या काळाच्या मानाने भयंकर. प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन विजेवर बदलायचा, बॅटरी उतरली की नेमका उड्डाणाच्या वेळी दगा. ट्रुमन यांच्या समितीने चौकशी केली, पंख वाढवले, प्रशिक्षण सुधारलं. तेच 'विधवा करणारं' विमान पुढे युरोपात सर्वांत कमी पडणाऱ्या अमेरिकी बॉम्बर्सपैकी एक ठरलं. पोरं तीच होती.

निमूट_वाचक

जर्मनांचं उलटं झालं. स्टालिनग्राडला वेढ्यात अडकलेल्या आपल्या सैन्याला रसद पोचवायला त्यांनी उपकरणांवर उडायला शिकवणाऱ्या शाळांमधली युंकर्स ५२ विमानं आणि प्रशिक्षकच उचलले. बरेच परतलेच नाहीत. मग शिकवणार कोण? पुढे पेट्रोलही आटलं, शिकवणीचे तास कमी होत गेले आणि अर्धवट शिकलेली मुलं मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानावर बसली. त्या विमानाची चाकं एकमेकांच्या इतकी जवळ की उतरताना भेलकांडायचं.

आणि हे सगळं जुनं आहे असं समजू नका. २५ ऑगस्ट २०२३ ला युक्रेनच्या झितोमिर भागात दोन एल-३९ प्रशिक्षण विमानं हवेत धडकली, तीन वैमानिक गेले. त्यात एफ-१६ मिळावीत म्हणून जगभर बोलणारा आंद्री पिल्शिकोव होता.

डोंगरवाट

वातावरण फार जड झालंय, एक वाचलेल्यांची गोष्ट. २९ सप्टेंबर १९४०, ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉकल्सबीवर दोन ॲन्सन धडकल्या आणि एकावर एक चिकटल्या. वरच्याची इंजिनं बंद, खालच्याची चालू. वरचा शिकाऊ लिओनार्ड फुलर याला कळलं की आपल्या पंखांच्या नियंत्रणाने दोन्ही विमानं वळवता येतायत. बाकीचे उड्या मारून उतरले, आणि याने ती जोडी काही मैल नेऊन एका कुरणात पोटावर घसरत उतरवली. सगळे जिवंत. वर्तमानपत्रांशी परवानगीशिवाय बोलल्याबद्दल शिक्षाही झाली म्हणतात, लष्कर ते लष्करच. फुलर १९४४ मध्ये गेला. सायकलवरून जाताना बसची धडक बसून.

जुनाट_होकायंत्र

@डोंगरवाट, हसू की रडू.

सगळ्यांचे आभार, धागा टाकताना एवढं अपेक्षित नव्हतं. माझ्याकडून एक. विमानवाहू जहाजावर उतरायला शिकवण्यासाठी अमेरिकेने मिशिगन सरोवरात दोन जुन्या, बाजूला चाकं असलेल्या कोळशावरच्या प्रवासी बोटींवर सपाट डेक ठोकला. वुल्व्हरिन आणि सेबल. शत्रूच्या पाणबुड्यांपासून लांब. हजारो वैमानिक तिथे तयार झाले, शंभराहून जास्त विमानं तळाशी गेली.

त्यातलं एक डॉंटलेस बॉम्बर, क्रमांक २१०६. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते तिथेच होतं, वाचलं. मिडवेच्या लढाईतून दोनशेहून जास्त भोकं घेऊन परतलं, वाचलं. मग जुनं झालं म्हणून शिकाऊंना दिलं, आणि ११ जून १९४३ ला सरोवरात बुडालं. गोड्या, थंड पाण्यात पन्नास वर्षं राहिलं. मग वर काढून पेन्साकोलाच्या संग्रहालयात ठेवलं.

फटकळ_काकू

आणि ते चालवणारा शिकाऊ?

जुनाट_होकायंत्र

वाचला.